तारापूरची गोळी, पानिपतची गोळी

युद्ध, काळ आणि स्मृती या तिन्हींची गाठ घालणारा विज्ञानपट मराठीत झालेला नाही. ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा आपल्याकडे मूकपटांच्या काळापासून आहे. विज्ञानकथेनेही गेल्या अर्धशतकात स्वतःचा वाचकवर्ग मिळवला आहे. परंतु या दोन प्रवाहांची भेट पडद्यावर झाली नाही. ती झाली एका कथेत, आणि ती कथा विज्ञानकथा म्हणून इतकी लोकप्रिय झाली की इतिहासलेखनाविषयीची संहिता म्हणून तिच्याकडे पाहावे तसे पाहिले गेले नाही, असे मला वाटते. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही ती कथा होय. प्रस्तुत लेखात तिचे वाचन क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ला जेते' (१९६२) या चित्रपटाच्या शेजारी ठेवून करावयाचे आहे. या दोन कृतींत प्रभावाचे नाते आहे असा दावा नाही. युद्धाने मोडलेल्या काळाकडे दोन्ही कृती परत जातात आणि हा प्रवास दोन्हींत एका स्मृतिग्रस्त माणसाच्याच वाट्याला येतो, एवढे साम्य आपल्या प्रयोजनाला पुरेसे आहे.

हे वाचन ज्या ठिकाणी उभे राहून करावयाचे ते ठिकाण मात्र पानिपतही नाही आणि पॅरिसही नाही. ते तारापूर आहे. बोईसर स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला 'तारापूर' म्हटले की अणुवीजकेंद्र आठवते, नाही तर औद्योगिक वसाहत. चिंचणीशेजारच्या खाडीकाठी उभा असलेला पोर्तुगीज किल्ला सहसा आठवत नाही. एका नावाखाली दोन काळ नांदत आहेत आणि त्यांचा परस्परांशी संवाद नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक तेच राहिले, चिन्हित बदलले. परंतु ही परिभाषा येथे थोडी फसवी आहे, कारण जुने चिन्हित नाहीसे झालेले नाही. त्याचे तट अजून उभे आहेत. वरील दोन कृतींना विचारावयाचा प्रश्न मला या ठिकाणी सापडला.

प्रथम कथा. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आहे आणि हजारावी सभा पानिपतच्या परिसंवादाची व्हावयाची आहे. एका ट्रकशी टक्कर होते त्या क्षणी त्यांच्या मनात पानिपतच्या लढाईचा निकाल वेगळा लागला असता तर काय, हा विचार घोळत असतो. पुढे ते ज्या मुंबईत वावरतात ती आपली मुंबई नाही. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल चालू आहे. शहराच्या वेशीवर सरहद्द आहे. टाऊन हॉलमधील ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचतात. पाचव्या खंडात वाट वेगळी होते: विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाला चाटून जाते, मराठे जिंकतात आणि कंपनी काही बंदरांपुरती कोंडली जाते. संध्याकाळी आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंतांना ते सहन होत नाही. ते वर चढून खुर्चीत बसतात, बोलू लागतात, श्रोते त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात आणि ते गर्दीत दिसेनासे होतात. आपल्या जगात परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरते. त्या पानावर गोळी चुकलेली असते.

या अनुभवाची उपपत्ती राजेंद्र देशपांडे हे पात्र लावते. तिचे दोन आधार आहेत. कॅटॅस्ट्रॉफी थिअरी सांगते की काही निर्णायक अवस्थांत कारणातील अत्यल्प फरक परिणामांत प्रचंड फरक घडवतो. पुंजयामिकी सांगते की इलेक्ट्रॉनसारख्या कणाचा पुढचा मार्ग निश्चितपणे वर्तविता येत नाही. अनेक पर्याय संभवतात आणि आपण त्यांतील एक पाहतो. लढाईचा क्षण हा असाच निर्णायक क्षण. गोळी लागली हा एक पर्याय, चुकली हा दुसरा. गंगाधरपंतांनी दोन्ही पाहिले. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात या कथेचे संक्षिप्त रूप आहे आणि तेथे मुले हीच उपपत्ती पाठ करतात.

कथा मला तिच्या उपपत्तीपेक्षा मोठी वाटते. त्यासाठी तारापूरला यावे लागते.

पानिपतच्या बावीस वर्षे आधी मराठ्यांची फौज या किनाऱ्यावर पोर्तुगीजांशी लढत होती. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी हाती आली. केळवे-माहीमचा पहिला वेढा उठवावा लागला. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पुन्हा मोहीम झाली आणि माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणी एकामागून एक पडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई घेतली गेली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार गोळी लागून पडले. पेशवे घराण्याशी त्यांचा स्नेह किती निकटचा होता हे त्यांच्या मातेस गेलेल्या सांत्वनपत्रावरून कळते. मराठी पत्रवाङ्मयात त्या पत्राचे स्थान आजही मोठे आहे. मात्र सरदार पडला म्हणून वेढा ढिला झाला नाही. सुरुंगांनी तट फोडला आणि किल्ला काबीज झाला.

म्हणजे गोळी दोन्हीकडे आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने दोहोंत काहीही भेद नाही. बंदुकीतून सुटलेले शिसे एका वीराच्या देहात शिरते किंवा केसभर बाजूने निघून जाते. तारापूरची गोळी चुकली असती तर काय झाले असते, हा प्रश्न कोणीही विचारत नाही. यावर देशपांडे उत्तर देतील की तारापूरची अवस्था निर्णायक नव्हती, पानिपतची होती. निर्णायक बिंदूपासून दूर असताना लहान कारणाने मोठा फरक पडत नाही. हे उत्तर तर्कशुद्ध आहे. परंतु पानिपतची अवस्था निर्णायक होती हे आपल्याला कोणत्या समीकरणाने सांगितले? रेने टॉम यांच्या गणिताने १४ जानेवारी १७६१ ची दुपार मोजलेली नाही. ती दुपार निर्णायक होती हे आपल्याला सांगितले बखरींनी आणि त्यांच्यावर पोसलेल्या लोकस्मृतीने: विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. कथेच्या तळाशी विज्ञानाचा सिद्धांत म्हणून जे ठेवले आहे ते प्रत्यक्षात एका समाजाने दोन शतके घोकलेले कथानक आहे. कोणत्या गोळीपाशी काळाला फाटा फुटू द्यावयाचा, हे स्मृतीने आधीच ठरवून ठेवलेले असते. विज्ञान मागाहून येऊन त्यावर सही करते.

मैदानावरील रिकाम्या खुर्चीचा अर्थही मला येथेच लागतो. टीकाकारांनी तिच्याकडे विनोद म्हणून पाहणे स्वाभाविक आहे, कारण अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेल्या समाजाचे ते चित्र हसवणारेच आहे. परंतु ज्या जगात अंबारी रिकामी झाली नाही त्या जगात कथाकाराने खुर्ची रिकामी ठेवली आहे, आणि पराभवाच्या इतिहासात मुरलेला मनुष्य तिला पाहताच ती भरायला धावतो. विजयी मराठ्यांना त्याची गरज नसते. ते त्याला हाकलून देतात. परत आल्यावर गंगाधरपंत पानिपतच्या परिसंवादाला नकार कळवतात, हजारावे अध्यक्षीय भाषण मैदानावर होऊन गेले आहे म्हणून. नारळीकरांनी हे जाणीवपूर्वक योजले असेल वा नसेल; संहितेत ते आहे.

पराभवाला दुसरी संधी देण्याची ही प्रवृत्ती विज्ञानकथेने मराठीत आणली, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ती फार जुनी आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्यापुरते भाऊ परतायचे होते. आणि एक 'भाऊ' खरोखरच परतला. तोतया म्हणून रत्नागिरीच्या किल्ल्यात अटकेत असलेला हा इसम १७७६ मध्ये तेथील अधिकाऱ्याच्याच आश्रयाने बाहेर पडला, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, बरीच माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. अखेर रघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिले. नाटकात बंड आहे, राजकारण आहे. परंतु मला या प्रकरणात अधिक महत्त्वाचे वाटते ते किल्ल्यांचे दरवाजे उघडणाऱ्या माणसांचे मन. ते सगळेच फितुर किंवा भोळे होते असे समजण्याचे कारण नाही. पंधरा वर्षे त्यांनी 'भाऊ जिवंत असते तर' या वाक्यात घालवली होती. समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाने त्यातला 'तर' काढून टाकला. पर्यायी इतिहास येथे कागदावर नव्हता, तो काही महिने राज्य करीत होता.

इतिहासलेखनातही 'जर' आहेच. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, म्हणजे पानिपतपर्यंतच्या वाटेचा. त्र्यं. शं. शेजवलकरांचे पानिपतवरील पुस्तक इंग्रजीत १९४६ मध्ये आणि मराठीत १९६१ मध्ये आले. कारणमीमांसा करणारा प्रत्येक इतिहासकार नकळत एक पर्यायी जग गृहीत धरतो: अमुक सरदाराने कुचराई केली नसती, अमुक रसद पोचली असती. कारण सांगणे म्हणजेच ते कारण नसलेल्या जगाची कल्पना करणे. नारळीकरांनी या गृहीताला फक्त आगगाडीचे तिकीट काढून दिले. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी आणि २०१९ चा आशुतोष गोवारीकर यांचा हिंदी चित्रपट यांनी ती वाट घेतली नाही. दोन्ही कृती घडून गेलेल्या पराभवाशी एकनिष्ठ राहतात.

आता मार्करच्या चित्रपटाकडे वळू. 'जेते' या शब्दाला आपल्या किनाऱ्यावरचा शब्द 'धक्का' हाच आहे. सातपाटी-मुरब्याच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. फक्त येथे तो बंदराचा नसून पॅरिसजवळच्या ओर्ली विमानतळाचा, प्रेक्षक उभे राहतात तो सज्जा आहे. अठ्ठावीस मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर, कृष्णधवल छायाचित्रांचा बनलेला आहे. त्यांवर एका निवेदकाचा आवाज आहे. चित्र हलते ते एकदाच, काही क्षण: झोपलेली स्त्री डोळे उघडते. तिसऱ्या महायुद्धाने पॅरिस बेचिराख झाले आहे, वर किरणोत्सर्ग आहे, वाचलेले लोक जमिनीखालच्या भुयारांत राहतात. जेते कैद्यांवर प्रयोग करतात. त्यांची कुजबुज जर्मन भाषेत ऐकू येते. अल्जीरियाचे युद्ध ज्या वर्षी संपले त्याच वर्षीच्या या फ्रेंच चित्रपटातले छळाचे तळघर फक्त मागच्या महायुद्धाची आठवण देत होते, असे मानता येणार नाही.

कालप्रवासासाठी एका कैद्याची निवड होते ती त्याच्या ताकदीमुळे किंवा ज्ञानामुळे होत नाही. लहानपणी त्या सज्जावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा आणि एका माणसाचा मृत्यू ही प्रतिमा त्याच्या मनात पक्की रुतली आहे; आधीचे कैदी मेले किंवा वेडे झाले, याच्याकडे मात्र धरून ठेवायला काहीतरी आहे. मार्करच्या यंत्राला स्मृती इंधन म्हणून लागते आणि चित्रपट हे लपवीत नाही. नारळीकरांच्या कथेतही तीच लागते, कारण ट्रकच्या धडकेत सापडलेला दुसरा कोणी पानिपतच्या फाट्यावर पोचला नसता. परंतु कथा या गोष्टीचे श्रेय पुंजयामिकीला देते. दोन कृतींतील माझ्या दृष्टीने खरा भेद हा आहे. दुसरा भेद काळाच्या आकाराचा. मार्करचा नायक अखेर त्या स्त्रीकडे परत जाण्याची इच्छा धरतो, सज्जावरून धावतो, त्याच्या मागावर आलेला छावणीचा माणूस त्याला मारतो आणि त्याला उमगते की लहानपणी पाहिलेला मृत्यू त्याचा स्वतःचाच होता. येथे फाटा नाही. वाट वळून स्वतःलाच येऊन मिळते. टेरी गिलियमच्या 'ट्वेल्व्ह मंकीज'ने (१९९५) हाच सांगाडा उचलला.

यांपैकी कोणता आकार अधिक सत्य, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. समाज दोन्ही वापरतो. पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. गावातल्या चौकातील स्तंभापाशी दरवर्षी त्याच तारखेला त्यांना मानवंदना दिली जाते. येथे 'गोळी चुकली असती तर' असे कोणी म्हणत नाही. स्मृती येथे पर्याय मागत नाही, प्रतिमा मागते, आणि वर्षातून एकदा त्याच जागी परत येते. मराठी माणसाचा काळ पानिपतपाशी फुटतो, पालघरपाशी वळतो, आणि तारापूरच्या वेढ्यावरून नुसता पुढे जातो. वसईच्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा देवळांतून वाजत राहिल्या, वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाशी जोडले गेले. विजयाची स्मृती वस्तूंत विसावते. तिला कथेची निकड भासत नाही. खरे तर त्या विजयालाही फाटे होतेच. वसई पडल्याबरोबर इंग्रजांनी मुंबईहून वकील पाठवून मराठ्यांशी तह केला आणि मुंबई बेट त्यांच्याकडेच राहिले. कथेतील कंपनीची सरहद्द ज्या भूगोलाची आठवण देते तो १७३९ च्या तहानंतरचा आहे. साष्टी इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतली. नारळीकरांच्या पर्यायी जगाचा नकाशा आपल्याच जगाच्या दप्तरात होता, तो पानिपतच्या बाजूने पाहणाऱ्याला दिसला नाही इतकेच.

तारापूरचे दुसरे चिन्हित येथे पुढे येते. 'ला जेते'मध्ये एक प्रसंग आहे, ज्याची चर्चा कमी होते. भूतकाळाचा प्रयोग साधल्यावर त्या कैद्याला भविष्यात पाठवतात. तेथील माणसे प्रथम त्याला झिडकारतात आणि मग एक देणगी देतात: उद्ध्वस्त जगातील सारे उद्योग पुन्हा सुरू करू शकेल असे शक्तिकेंद्र. वाचवणारे भविष्य विजेच्या रूपाने येते. हा चित्रपट पूर्ण झाल्यानंतर लगेच, १९६३ मध्ये, भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरच्या केंद्राचा करार झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. साम्य योगायोगाचे आहे. परंतु त्या काळी अणुशक्तीविषयी जे बोलले जात होते, होमी भाभांनी १९५५ च्या जिनीव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून जे आश्वासक चित्र उभे केले होते, त्याचा स्वर हाच होता: भविष्याने वर्तमानाला पाठवलेली भेट.

भेटीबरोबर युद्धाची सावलीही आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेच्या इंधनपुरवठ्यावरून वाद पेटला. १९८३ पासून इंधन फ्रान्सने दिले. तीस वर्षांचा करार १९९३ मध्ये संपला आणि पुढे चीन व रशिया यांच्याकडून ते आले. वापरलेल्या इंधनाचे काय करावयाचे, या प्रश्नाचा उलगडा होईपर्यंत ते आवारातच साठवणे भाग होते. त्यातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे. मराठीतील अगदी प्राचीन कोरीव लेखांत गणला जाणारा अक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा, तो याच कोकणपट्टीवर, अलिबागजवळ आहे. आपल्या लिखित भाषेचे सारे वय त्या एका अर्धायुष्यात चोवीस वेळा मावते. 'येथे खणू नका' हे वाक्य कोणत्या भाषेत, कोणासाठी, किती काळ टिकेल असे लिहावयाचे, हा विज्ञानकथेचा प्रश्न आहे आणि बखरीचाही आहे. स्वतः विज्ञानाच्या संस्थांत आयुष्य घालवलेल्या नारळीकरांनी, त्यांच्यानंतरच्या पिढीने, धूमकेतू आणि कृष्णविवरांपर्यंत मजल मारली. या किनाऱ्यावर साठलेल्या काळाला मात्र मराठीत गंगाधरपंत मिळालेला नाही. कारण कदाचित वरील विवेचनातच आहे: ज्या घटनेपाशी समाजाने 'जर' ठेवलेला नाही, तेथे कथाकारही थांबत नाही.

स्थानिक पातळीवर काळाची ही घडी अगदी साध्या रूपात दिसते. केंद्राचा विस्तार झाला, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या आणि त्यासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनात माणसांबरोबर गावांची नावेही नव्या जागी गेली. वर्गात एकदा 'ला जेते' दाखविल्यावर मी मुलांना विचारले होते की नायकाजवळ जशी एक प्रतिमा आहे तशी तुमच्या गावाची कोणती. चिंचणीच्या मुलीने खाडीवरचा तट सांगितला. बाजी भिवराव तिला ठाऊक नव्हते. विस्थापित कुटुंबातला एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग त्याने आजीच्या तोंडून ऐकलेली एक विहीर सांगितली. ती त्याने पाहिलेली नव्हती. आजी अजूनही तिला 'आपली विहीर' म्हणते, असे तो म्हणाला, आणि आता ती कुंपणाच्या आत येते.